श्रेणी : मध्यम

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्या घराच्या पुढच्या खोलीत पुढल्या सहा महिन्यांचं वेळापत्रक बसवायचं काम निघतं. खोलीला आम्ही ऑफिस म्हणतो. तिथे असतात दोरांची दोन पोती, हेल्मेटांचा ढीग आणि कुरकुरणारा एक प्रिंटर. तारीख, किल्ला, पायथ्याचं गाव, शुल्क हे चार रकाने चहा होईस्तोवर भरून होतात. पाचवा रकाना श्रेणीचा. सोपा, मध्यम, कठीण. लोकांना डोंगरावर नेण्याचं काम मी एकोणीस वर्षं करतोय आणि एकोणीस वर्षं त्या रकान्यापाशी अडतोय.

फोनवर येणारे प्रश्न दोनच. पहिला : "सर, आपल्याकडचा सगळ्यात टफ ट्रेक कुठला?" विचारणारा बहुधा पंचविशीतला, आवाजात नव्या बुटांची ऐट. दुसरा प्रश्न जरा पिकलेल्या आवाजात येतो : "एकच करायचा असेल तर कुठला करू? गुडघ्यांचं काही खरं नाही आता." पूर्वी मला पहिल्याचं उत्तर सोपं वाटायचं आणि दुसऱ्याचं अवघड. आता पहिल्यालाच काय सांगावं ते सुचत नाही.

पहिल्या वर्षी मी सरळ उंची बघून रकाना भरला. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, म्हणून कठीण. साल्हेर 1567, किल्ल्यांमध्ये सगळ्यात उंच, म्हणून तोही कठीण. राजगड चौदाशेच्या आत, म्हणून मध्यम. हिशेब कसा चोख. त्याच वर्षी नवरात्रात बारी गावातून कळसूबाईला बॅच नेली. लोखंडी शिडीखाली आमची बावीस माणसं धापा टाकत बसली होती. शेजारून एक आजी आल्या. नऊवारी, पायांत काही नाही, डोक्यावर पूजेचं टोपलं. शिडीच्या कठड्याला हातही न लावता वर निघून गेल्या. आम्ही माथ्याच्या अलीकडे पोचलो तेव्हा त्या दर्शन घेऊन परत निघाल्या होत्या. "लई येळ बसू नका, पाय धरत्यात," एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षीच्या कागदावर कळसूबाईपुढचं 'कठीण' मी खोडलं.

उंचीने फसगत का होते ते कळायला सह्याद्री कसा उभा आहे ते बघावं लागतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि त्यांतून हा बेसाल्ट झाला. कठीण थराचा कडा झाला, त्यावरच्या मऊ थराचा उतार झाला, त्यावर पुन्हा कडा. दोन कड्यांमधल्या झाडीभरल्या पट्टीला आम्ही पदर म्हणतो. पूर्वेकडे हे सगळं पायरीपायरीने देशावर उतरतं, पश्चिमेकडे मात्र कोकणात एकदम कोसळतं. त्यामुळे देशाकडचं पायथ्याचं गाव आधीच निम्म्या उंचीवर असतं. बारीतून कळसूबाई चढणाऱ्याची साधारण निम्मी उंची एस.टी.नेच चढून दिलेली असते. सोळाशे मीटरच्या गप्पा मारताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

हरिश्चंद्रगडाइतकं हे दुसरं कुठे स्पष्ट दिसत नाही. पाचनईतून गेलात तर ओढ्याकाठची मळलेली वाट आहे, मध्ये कड्याच्या कपारीखालून जाते, ठिकठिकाणी ताक-सरबताची टपरी. अडीच-तीन तासांत मंदिरापाशी. शाळेच्या सहली जातात. तोच गड कोकणातल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेने चढायचा तर हजार मीटरच्या वर चढ अंगावर घ्यावा लागतो, तोही एका घळीत. एकाच गडाला वेळापत्रकात दोन ओळी द्याव्या लागतात, एकीपुढे सोपा, दुसरीपुढे कठीण. लोक विचारतात, छपाईची चूक आहे का म्हणून.

नळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण 'कठीण' म्हणजे काय हे मी तिथे शिकलो. पहाटे पाचला हेडटॉर्च लावून बेलपाड्यातून निघायचं. आधी सपाटीचं रान, मग ओढ्याचं कोरडं पात्र. पात्रात फ्रिजएवढे, खोलीएवढे धोंडे. त्यांवरून चढायचं, उतरायचं, मधून वाकून जायचं. दीड-दोन तास चालूनही उंची मिळवल्यासारखी वाटत नाही. समोर गडाचा कोकणकडा, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला, आणि तो जवळ येण्याऐवजी नुसता मोठा होत जातो. मग घळ अरुंद होते आणि घसारा लागतो. एक पाऊल वर, अर्धं पाऊल खाली. पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याच्या डोक्यावर येतो, म्हणून दोघातिघांनी अगदी चिकटून चालायचं, नाहीतर पुढच्याला आडोशाला पोचू द्यायचं आणि मग हलायचं. "दगड!" ही हाक तिथे दिवसातून पन्नास वेळा ऐकू येते. त्यानंतर दोन-तीन कातळटप्पे. त्यांवर दोर लावतो आम्ही. शेवटी कड्याच्या पोटातून आडवं जावं लागतं. वाट पाऊलभर, एका हाताला वाळलेलं गवत आणि दुसऱ्या हाताला सगळं कोकण.

माझ्या तिसऱ्या खेपेला बॅचमध्ये चौदा जण होते. चार मुलं व्यायामशाळेत घडवलेल्या दंडांची, आणि बँकेत नोकरी करणाऱ्या चोपन्न वर्षांच्या एक बाई. त्यांना घेऊ की नको असं माझं दोन दिवस चाललं होतं. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, की रोज सकाळी पर्वती चढते आणि मला घाई नसते. त्या मुलांनी ओढ्याच्या पात्रात शर्यत लावली. आठ वाजेपर्यंत त्यांचं निम्मं पाणी संपलं, दहाला एकाच्या पोटरीत गोळा आला, आडव्या वाटेवर दुसरा बसला तो उठेना. खाली बघितलं की हातपाय कापतात, असं त्याने मला कुजबुजून सांगितलं. बाई मात्र सकाळी ज्या चालीने निघाल्या होत्या त्याच चालीने दुपारी चार वाजताही चालत होत्या. कातळटप्प्यावर पाय कुठे ठेवू म्हणून विचारायच्या, सांगितलं की तिथेच ठेवायच्या. त्या मुलाच्या पुढे जाऊन त्या म्हणाल्या, "माझ्या पायांकडे बघत ये. दुसरं काही बघू नकोस." तो आला. त्या दिवसापासून फोनवर नाव नोंदवताना मी लोकांना "किती ट्रेक केलेत?" असं विचारणं कमी केलं. "थकल्यावर तुमचं काय होतं?" असं विचारतो. लोक आधी हसतात, मग थोडा वेळ गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यावरून मला बरंच कळतं.

आता दोरांच्या किल्ल्यांविषयी. अलंग, मदन, कुलंग ही नावं एका दमात घ्यायची पद्धत आहे. कळसूबाईच्याच रांगेतले हे तीन. 1818 मध्ये मराठी राज्य गेलं तेव्हा इंग्रजांनी पुष्कळ किल्ल्यांचे रस्ते तोडले, पायऱ्या उडवल्या. अलंग-मदनला आज दोराशिवाय जाता येत नाही ते त्यामुळे. सगळ्यात टफ कुठला या प्रश्नाला निम्मी ट्रेकर मंडळी हेच उत्तर देतील. दिसायलाही ते तसंच आहे. मदनच्या कातळावर चढणाऱ्याचा फोटो काढला की पाठीमागे नुसतं आकाश येतं.

पण नेणाऱ्याच्या बाजूने बघा. कातळटप्प्यावर प्रत्येकाच्या कमरेला हार्नेस असतं, वर दोर ताणून धरणारा अनुभवी माणूस असतो, डोक्यावर हेल्मेट असतं. चढणाऱ्याचं सगळं लक्ष हातापायांत एकवटलेलं असतं. भीती वाटते, रडू येतं, शिव्याही येतात, पण पडलाच तर हातभर खाली येऊन लटकतो. मला मदनवर झोप उडवणारा प्रसंग कधी आला नाही. तो आला कुलंगवर, आणि कुलंगला दोर लागत नाही.

चूक माझी होती. दोर लागत नाही म्हणून मी कुलंग तिसऱ्या दिवशी ठेवला. दोन दिवस कातळ चढून माणसं दमलेली, आता शेवटचं एक साधं चालणं, असा माझा हिशेब. मार्चचा शेवटचा आठवडा होता. कुलंगचा चढ म्हणजे आधी जंगल, मग सोंड, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या, आणि त्या संपतच नाहीत. गुडघ्याला लागेल एवढी एकेक पायरी. अकरानंतर कातळ तापला आणि वाऱ्याची झुळूक येईना. माणशी तीन लिटर पाणी सांगितलं होतं. काहींनी सॅकचं ओझं नको म्हणून दोनच घेतलेलं आणि मी सकाळी बाटल्या मोजल्या नव्हत्या. पायऱ्यांच्या मध्यावर एका मुलाचा घाम थांबला. बोलणं तुटक व्हायला लागलं. ज्याचा घाम थांबला त्याच्यापाशी आपण थांबायचं, हे मी शेकडो वेळा दुसऱ्यांना शिकवलं होतं. प्रत्यक्षात बघितलं तेव्हा माझीच जीभ टाळूला चिकटली.

आमच्याबरोबर आंबेवाडीचे एक मामा होते, वाट दाखवायला. त्यांनी त्या मुलाला कातळाच्या सावलीच्या पट्टीत ओढून घेतलं, अंगावरचा शर्ट काढायला लावला, स्वतःच्या बाटलीतलं उरलेलं पाणी माझ्या रुमालावर ओतून मानेवर ठेवलं, आणि मला म्हणाले, "तुम्ही वारा घाला. मी येतो." पाच लिटरचे दोन रिकामे कॅन घेऊन ते वर गेले. कुलंगच्या माथ्यावर टाक्यांची रांगच आहे. गड बांधणाऱ्याने पाण्याचा विचार माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त केला होता. मामा भरलेले कॅन घेऊन उतरले तेव्हा पाऊण तास झाला असेल. माझ्या घड्याळात तो तासाहून मोठा होता. मुलगा सावरला, संध्याकाळी खाली उतरून पिठलं-भाकरी दोनदा मागून जेवला. मी त्या रात्री जेवलो नाही.

नंतर मामांना विचारलं, तुमच्या मते यांतला अवघड कुठला. त्यांना प्रश्नच कळला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ज्येष्ठात गुरं वर राहिली तर ती शोधायला जायाचं, ते अवघाड." माझ्या रकान्यात हे कुठे बसवणार?

तेव्हापासून माझ्या वेळापत्रकात कुलंग डिसेंबरनंतर येत नाही आणि तिघांत तो पहिला असतो. अलंग आणि मदन त्याच्यामागून. बऱ्याच संस्था उलट करतात. त्यांचं त्यांना ठाऊक.

हिमालय करून आलेले लोक यावर जरा हसतात. केदारकंठा साडेबारा हजार फुटांवर आहे, तिथे बर्फातून चाललो, मग कुलंगचं काय घेऊन बसलात, असा त्यांचा सूर. बर्फातून चालणं सोपं असतं असं मी म्हणत नाही. पण तिथे सामान खेचरावर असतं, आचारी सूप घेऊन उभा असतो, आणि चार-पाच दिवसांत शरीर उंचीला हळूहळू रुळतं. इथे शनिवारी रात्री ऑफिसातून थेट गाडीत बसायचं, चार तास अवघडून झोपायचं आणि पहाटे घळीत शिरायचं. न झोपलेल्या माणसाच्या पायाखाली साधा मुरूमही कातळाहून वाईट.

उतरण्याविषयी कुणी विचारत नाही. माझ्या एकोणीस वर्षांतल्या तीन मोठ्या दुखापती तिन्ही उतरताना झाल्या, तिन्ही गाव दिसायला लागल्यावर, तिन्ही 'सोपा' लिहिलेल्या वाटेवर. एकाचा घोटा मोडला तेव्हा त्याच्या हातात मोबाइल होता आणि तो घरी "पोचलोच" असं कळवत होता. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि गावातल्या चौघांनी त्याला पाऊण तासात खाली आणलं. त्यांच्या चालीने आम्हाला मोकळ्या हातांनीही चालता येत नव्हतं.

गर्दीचंही तसंच. हरिहर किल्ल्याचा जिना आता मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेला असतो. जवळपास उभ्या कातळात कोरलेल्या शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना हाताची बोटं अडकवायला खोबण्या. करणाऱ्याच्या कसबाला हात जोडावेत असा तो जिना आहे, आणि एकट्यादुकट्याने चढायला अजिबात अवघड नाही, कारण खोबणी प्रत्येक वेळी हाताला बरोबर सापडते. त्याच डोंगराच्या एका कड्यावर 1986 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट चढून गेले, म्हणून तो स्कॉटिश कडा. ती चढाई वेगळ्या जातीची. पण पावसाळी रविवारी त्या जिन्यावर वरून दीडशे आणि खालून दीडशे माणसं समोरासमोर आली की साध्या पायऱ्यांची जीवघेणी जागा होते. एका रविवारी मी माझी बॅच जिन्याखालून परत फिरवली. लोक चिडले, दोघांनी पैसे परत मागितले. दिले. हरिहर मी आता फक्त आडवारी करतो.

तर मग दुसरा प्रश्न. एकच करायचा तर पाऊल टाकल्याचं सार्थक कुठे होतं? यावर मात्र मी ठाम आहे, आणि माझं उत्तर ऐकून पुण्या-मुंबईचे लोक नाक मुरडतात, कारण तिथे पोचायलाच अख्खी रात्र जाते. साल्हेर. बागलाणातला हा गड 1672 च्या लढाईने इतिहासात गेला. मराठ्यांनी मोगलांना इथे उघड्या मैदानात हरवलं. चढायला लांब आहे, पण कुठेही छाती दडपत नाही. साल्हेर आणि शेजारचा सालोटा यांच्यामधल्या खिंडीत पोचलं की कातळात खोदलेली वाट, एकामागून एक दरवाजे, गुहा. वर तळं. आणि सगळ्यात वर परशुरामाचं छोटं मंदिर. त्याने इथून बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण मोकळं केलं, अशी कथा आहे. बाण कुठल्या दिशेला सोडला असेल हे बघत माझी माणसं तिथे उभी राहतात, आणि तेवढा वेळ कुणी फोटो काढत नाही. माथ्यावर संध्याकाळी कुणी आवाजच करत नाही. उगाच कुणी काही सांगत नाही, मलाही सांगावं लागत नाही. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, त्यांत साल्हेर आहे. अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला. पुढच्या हिवाळ्याच्या चौकशा ऑगस्टातच सुरू झाल्या.

बाकी सार्थकाची हमी देता येत नाही. कोकणकड्यावर पावसाळ्याच्या शेवटी खाली ढग आणि पाठीशी ऊन असलं की ढगावर गोल इंद्रधनुष्य पडतं आणि त्याच्या मधोमध आपली सावली. इंद्रवज्र. लोक फोनवर विचारतात, "दिसेल ना?" मी ते एकोणीस वर्षांत एकदाच पाहिलं, तेही बॅच चहाला बसली होती आणि मी हरवलेली बाटली शोधायला कड्याकडे गेलो होतो तेव्हा. हाक मारेपर्यंत ढग फाटला. त्या बॅचला अजून वाटतं मी थापा मारल्या.

गेल्या वर्षी दुसऱ्या जातीचा एक फोन आला. "सदुसष्ट वय आहे. कोकणकडा पुन्हा एकदा बघायचाय." मी त्यांना पाचनईच्या बॅचमध्ये घेतलं, वेळापत्रकात 'सोपा' लिहिलेल्या. बाकीचे तीन तासांत मंदिरापाशी पोचले. काकांना साडेपाच लागले. बॅच दुसऱ्या लीडरबरोबर पुढे पाठवून मी त्यांच्याबरोबर मागे राहिलो. दर शंभर पावलांनी ते थांबायचे, काठीवर दोन्ही हात ठेवायचे, झाडाचं नाव विचारायचे. मला निम्म्या झाडांची नावं येत नव्हती, त्यांना त्याच निम्म्यांची येत होती. एकदा त्यांनी खिशातून घडी घातलेलं वेळापत्रक काढलं. "सोपा," त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. घडी घालून परत ठेवलं.

कड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. काका हळूहळू पालथे झोपले आणि कडेपर्यंत सरकले. मी त्यांचे घोटे धरून बसलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हात लांब करून खालच्या घळीकडे बोट दाखवलं. कॉलेजात असताना तिघे मित्र त्या नळीतून आले होते म्हणाले. पायांत कॅनव्हासचे बूट, दोर नाहीच, एकाकडे आईने दिलेलं दशम्यांचं गाठोडं. तिघांतले ते एकच उरलेत. त्यांनी बाजूचं वाळलेलं गवत मूठभर उपटलं आणि कड्याबाहेर टाकलं. खालून येणाऱ्या वाऱ्याने ते वर उचललं आणि आमच्याच तोंडावर आणून टाकलं.

"तेव्हाही असंच आलं होतं," काका म्हणाले. केसांतली काडी त्यांनी काढली नाही. मग कोपरांवर मागे सरकत म्हणाले, "चला. उतरायला मला वेळ लागेल."